कोरंटीच्या थांब्यावर

नल्लकुंट्याच्या सरकारी फीवर हॉस्पिटलला हैदराबादची जुनी माणसं अजूनही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. नव्यानं आलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून कुंपणावरची कोरांटी आठवते, काटेरी, पिवळ्या फुलांची. त्या झुडपाचा इथे काही संबंध नाही. ‘क्वारंटाइन’ हा शब्द तेलुगू आणि दख्खनी तोंडांत घोळत घोळत कोरंटी झाला, एवढंच. साथीच्या रोग्यांना वस्तीपासून वेगळं ठेवायला निजामाच्या अमदानीत हा दवाखाना निघाला. आता त्याला सर रोनाल्ड रॉस यांचं नाव आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी रॉसना दिसला तो २० ऑगस्ट १८९७ रोजी, इथून काही मैलांवर, सिकंदराबादेत.

मूळ शब्दाची गोष्ट मात्र रोगापेक्षा प्रवाशांची आहे. आज क्रोएशियात असलेल्या दुब्रोव्निकनं, तेव्हाच्या रागुसानं, १३७७ साली ठरवलं की प्लेगच्या गावांहून आलेल्यांनी तीस दिवस बाहेर थांबायचं आणि मगच वेशीतून आत यायचं. पुढे तिसाचे चाळीस झाले आणि इटालियनमधल्या ‘क्वारांता’वरून, म्हणजे चाळीसवरून, जगभर हे नाव पसरलं.

एका सेमिस्टरसाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे सुरुवातीचे आठवडे याच जातीचे असतात. तो पोचलेला असतो, पण आत आलेला नसतो. खोली तात्पुरती, बँकेचं खातं व्हायचं, विषयांच्या यादीवर दोन्हीकडची सही व्हायची, आणि झोपही अजून घरच्या घड्याळावर. सेमिस्टर असतं जेमतेम दीडशे दिवसांचं. त्यातले चाळीस असे गेले, तर चौथ्या हिश्शाहून जास्त भाग वेशीबाहेर गेला. एक्स्चेंजच्या माहितीपत्रकांत बर्फातले फोटो असतात, हा हिशेब नसतो.

नल्लकुंट्यात बसून हा विषय बघायला सोय आहे. फीवर हॉस्पिटलवरून विद्यानगर, अडिकमेट असं चालत गेलं की उस्मानिया विद्यापीठाचं आवार लागतं. ते ओलांडून पलीकडे तारनाक्याला गेलं की इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ, म्हणजे इफ्लू. १९५८ साली ते इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतीवर काम करणारी संस्था म्हणून सुरू झालं, १९७२ मध्ये त्यात परदेशी भाषा आल्या आणि २००७ मध्ये त्याचं विद्यापीठ झालं. या पट्ट्यातल्या गल्ल्यांतून जर्मन-फ्रेंच शिकून बाहेर जाणारी पोरं राहतात, आणि उस्मानियात शिकायला आलेली आफ्रिकेतली, अरब देशांतली पोरंही राहतात. एकाच करी पॉइंटवर दोघांची गाठ पडते. करी पॉइंट म्हणजे भात घरी शिजवायचा आणि आमटी-भाजी पिशवीत बांधून न्यायची असं दुकान. हैदराबादच्या एकट्या माणसाचं अर्धं घर त्याच्यावर चालतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. पदवी घ्यायला परदेशी जाणं वेगळं आणि एक्स्चेंजवर जाणं वेगळं. एक्स्चेंजमध्ये दोन विद्यापीठं करार करतात: तुमचा एक आमच्याकडे, आमचा एक तुमच्याकडे. फी बहुधा आपापल्या घरच्या विद्यापीठात भरायची, पदवीही तिथलीच मिळणार. पाहुण्या विद्यापीठाकडून मिळतं ते फक्त गुणांचं पत्रक. सगळा डोलारा त्या एका कागदावर उभा असतो, कारण तो घरच्या परीक्षा विभागानं मानला नाही तर सहा महिन्यांचा अभ्यास नुसता प्रवास ठरतो. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठानं १९२३ च्या जुलैत आठ विद्यार्थी बोटीनं फ्रान्सला पाठवले तेव्हाही प्रश्न हाच होता: तिथलं वर्ष इथल्या पदवीत धरायचं की नाही? त्यांनी धरलं, आणि ‘परदेशात एक वर्ष’ ही कल्पना तिथून रुळली.

परमुलखात जाऊन शिकणं नल्लकुंट्याच्या आसपासच्या मराठी घरांना नवं नाही, फक्त तो परमुलूख म्हणजे हैदराबादच होतं. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघेपर्यंत तिथल्या मुलाला पदवी घ्यायची तर उस्मानियाचीच. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज त्याला हैदराबादेत आणून सोडी. काचीगुड्याचं देखणं स्टेशन १९१६ सालचं, नल्लकुंट्यापासून हाकेच्या अंतरावर.

आणि विद्यापीठ कसलं? १९१८ साली स्थापन झालेलं, उर्दू माध्यमाचं. नुसती भाषा-साहित्य उर्दूत नव्हे, तर रसायन, गणित, वैद्यक, इंजिनियरिंग सगळंच. त्यासाठी ‘दारुत्तर्जुमा’ नावाचं भाषांतर खातं मुद्दाम उभं केलं होतं. पंडित आणि मौलवी बसून एकेका शास्त्रीय संज्ञेला उर्दू प्रतिशब्द घडवत. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा इतका मोठा प्रयोग हिंदुस्थानात आधी झाला नव्हता आणि त्याबद्दल उस्मानियाचं कौतुक व्हायलाच हवं. पण घरी मराठी बोलणाऱ्या, वडिलांचं दप्तर मोडीत असलेल्या परभणीच्या मुलाच्या बाजूनं बघा. उर्दू त्याला शाळेपासून ठाऊक होती; तरी ऑक्सिजन उर्दूतून शिकणं हे मराठी माणसाला इंग्रजीतून शिकण्याइतकंच परकं. शिवाय इंग्रजी राज्यात नोकरी मागायला गेला तर तिथे उर्दू पदवीचं वजन काय, हा घोर वेगळाच.

राज्यही खरोखर वेगळं होतं. पोस्टाची तिकिटं वेगळी, रेल्वे निजामाची, आणि नाणंसुद्धा निराळं: हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला मराठवाड्यात ‘कलदार’ म्हणत. सुमारे सात हाली दिले की सहा कलदार मिळत. नागपूर-पुण्याला निघालेल्या मुलाच्या खिशातली रक्कम हद्द ओलांडताच सातवा हिस्सा आटायची. परकीय चलनाचं दुःख मराठवाड्यातल्या आजोबांना नातवाच्या आधी ठाऊक होतं ते असं.

१९३८ च्या अखेरीला उस्मानियाच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटलं. सरकारनं बंदी घातली, पोरांनी संप केला आणि मोठ्या संख्येनं मुलांना काढून टाकण्यात आलं. अशा मुलाच्या पुढे वाट काय असते? अर्धा अभ्यास झालेला, विद्यापीठाचा शिक्का विरुद्ध, गुणपत्रक असलं तरी ते दुसरीकडे कोण मानणार? नागपूर विद्यापीठानं मानलं. १९२३ मध्ये स्थापन झालेलं ते विद्यापीठ इंग्रजी राज्यात होतं, माध्यम निराळं, अभ्यासक्रम निराळा. कुलगुरू टी. जे. केदार यांनी तरीही या मुलांना दार उघडलं आणि त्यांची वर्षं वाचली. या चळवळीपायी निजामाच्या राज्याबाहेर पडलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. तेलंगणातला हा मुलगा पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये बी.एस्सी. झाला, नागपुरात कायदा शिकला आणि येताना मराठी अशी घेऊन आला की हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यानं तेलुगूत नेली. पुढे रामटेकमधून लोकसभेवरही निवडून गेला. कुणी ठरवून केलेलं हे एक्स्चेंज नव्हतं, पण त्याचा हिशेब पुरा बसला तो नागपूरच्या एका कचेरीनं हैदराबादचे कागद मानले म्हणून.

याच्या उलट घडलं रोममध्ये. सोफिया कोर्राडी नावाची कायद्याची विद्यार्थिनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेली. आंबेडकर १९१३ मध्ये जिथे पोचले होते तेच कोलंबिया. तिथली मास्टर्स पदवी घेऊन ती १९५८ च्या सुमारास परतली आणि हा अभ्यास आपल्या रोममधल्या पदवीत धरावा अशी विनंती घेऊन विद्यापीठाच्या कचेरीत गेली. तिथे तिची थट्टा झाली. अमेरिकेत मजा मारून आलात, आता अभ्यासाला लागा, अशा थाटाची वागणूक मिळाली. बाई ते विसरल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षं त्यांनी इटलीतल्या आणि युरोपातल्या विद्यापीठांच्या मागे धोशा लावला की परदेशात केलेला अभ्यास घरी मान्य झालाच पाहिजे. १९८७ मध्ये युरोपीय समुदायानं विद्यार्थ्यांच्या एक्स्चेंजची इरॅस्मस योजना सुरू केली, तिच्या मुळाशी या खटपटीचा मोठा वाटा आहे. इटलीत त्यांना ‘मम्मा इरॅस्मस’ म्हणतात. आज एक्स्चेंजवर निघणाऱ्या मुलाच्या हातात जाण्याआधीच सह्या झालेला विषयांचा करारनामा असतो, ‘लर्निंग ॲग्रीमेंट’, तो त्या अपमानाचा नातू. नल्लकुंट्यातल्या पोरीनं तो नीट वाचून सही करावी, कारण तिकडे गेल्यावर दोन विषय हमखास बदलतात. एकाची वेळ दुसऱ्यावर येते, एक त्या वर्षी शिकवलाच जात नाही. बदल झाला की घरच्या विभागप्रमुखाची नवी सही लेखी घ्यायची. ‘सर हो म्हणाले होते’ हे परीक्षा विभागात चालत नाही.

आता क्रेडिट. युरोपीय पद्धतीत वर्षाचे ६० क्रेडिट, सेमिस्टरचे ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं; तास म्हणजे वर्गातलेच नव्हेत, ग्रंथालयात घालवलेलेही. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानं वर्षाचे ४० क्रेडिट आणि क्रेडिटमागे ३० तास ठरवले. इथे गंमत सुरू होते. तिकडचं एक पूर्ण सेमिस्टर केलं, ३० क्रेडिट आणले. सेमिस्टरला सेमिस्टर लावलं तर त्यांचे आपले २० होतात. तासाला तास लावले तर ते ७५० ते ९०० तास होतात, म्हणजे आपले २५ ते ३०. दोन्ही गणितं बरोबर आहेत. कोणतं धरायचं ते करारात लिहिलेलं असावं, नाहीतर परत आल्यावर खिडकीवरचा माणूस त्याला सोयीचं ते धरतो.

गुणांचं भाषांतर तर त्याहून नाजूक. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. फ्रान्समध्ये २० पैकी १० ला पास, १४ म्हणजे चांगले, आणि १६ मिळाले की प्राध्यापक वाकून बघतो. आपला कारकून १४ ला २० नं भागून सत्तर टक्के लिहितो आणि वर्गात पहिल्या पाचांत असलेली मुलगी घरच्या यादीत मधोमध येऊन पडते. जर्मन विद्यापीठं आपले गुण उलटवायला एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात: कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल आणि किमान-पास यांच्यातल्या अंतरानं भागा, तिनानं गुणा, एक मिळवा. दहापैकी ८ सीजीपीए आणि पासला ४ असेल तर २ येतात. म्हणजे ‘चांगला’. या सूत्राला कुणी न्याय्य म्हणणार नाही, पण निदान ते आधीपासून माहीत असतं.

विद्यानगरच्या रस्त्यानं जाताना दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय लागतं आणि मला दर वेळी त्यांचे पती चिंतामणराव आठवतात. महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा १९१५ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाला आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले सी. डी. देशमुख मराठी वाचकाला ठाऊक आहेत. पद सोडलं त्याच १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचा आधार मिळाला आणि देशमुख त्याचे अध्यक्ष झाले, हे कमी जणांना आठवतं. अखेरची वर्षं त्यांनी दुर्गाबाईंसोबत हैदराबादेत काढली. १९८२ मध्ये ते गेले. त्याच आयोगानं २०२१ मध्ये क्रेडिटांची बँक काढली: इथे मिळवलेले क्रेडिट तिथे जमा करायचे, पदवीला पुरतील तेव्हा वापरायचे. २०२२ च्या नियमांनी परदेशी विद्यापीठाशी जोडलेल्या अभ्यासक्रमात, ज्याला ‘ट्विनिंग’ म्हणतात त्यात, एकूण क्रेडिटांच्या ३० टक्क्यांपर्यंत बाहेर मिळवायची मुभा दिली. कागदावर सगळं सुरेख आहे. तरीही परदेशी विद्यापीठाचे क्रेडिट आपोआप खात्यात पडत नाहीत. आधी घरच्या विद्यापीठानं ते आपले म्हणावे लागतात.

आणि पंचांग? त्याचा विचार करार करणारे फार उशिरा करतात. आपलं सेमिस्टर जुलैच्या आसपास सुरू होऊन दिवाळीनंतर परीक्षांत संपतं, दुसरं जानेवारी ते मे. जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू, वर्ग ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे आपली दोन्ही सत्रं अर्धी-अर्धी कापली गेली. अमेरिकेचं ऑगस्ट ते डिसेंबर किंवा फ्रान्सचं जानेवारी ते मे त्या मानानं चांगलं बसतं. एका सेमिस्टरसाठी देश निवडताना विद्यापीठाच्या क्रमवारीपेक्षा मी आधी कॅलेंडर बघेन.

पोचल्यानंतरचं चित्र जर्मनीचं देतो, कारण इफ्लूच्या वर्गांमुळे इकडून तिकडे जाणारे बरेच. व्हिसाच्या वेळी शिष्यवृत्ती नसेल तर ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये पैसे अडकवावे लागतात, २०२४ च्या शरदापासून दरमहा ९९२ युरो हा आकडा आहे, वर्षाचे ११,९०४. स्वतःचेच पैसे महिन्याला ठरावीकच काढता येतात. लहानपणी आजी खाऊचे पैसे धरून ठेवायची तसं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. तात्पुरत्या हॉस्टेलमध्ये उतरलेल्याला ते पत्र मिळेलच असं नाही. पत्त्याची नोंद नाही तर बँक कुरकुरते, आणि घरमालक विचारतो बँकेचं काय झालं. आपल्याकडे जातीच्या दाखल्यासाठी रहिवासी दाखला आणि रहिवासी दाखल्यासाठी आणखी कुठला तरी दाखला, हे फेरे घातलेल्या मुलाला यात काही नवं वाटणार नाही. भेटीची वेळ इथूनच ऑनलाइन घेऊन ठेवणारा शहाणा.

बारीक गोष्टींची ठेच वेगळीच. रविवारी दुकानं बंद, शनिवारी रात्री पोचलेल्यानं दूध-पाव विमानतळावरच घ्यावा. वेळापत्रकात १० च्या पुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो. पूर्वी चर्चच्या घंटेनंतर विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत चालत यायला दिलेला हा पाव तास विद्यापीठांनी परंपरा म्हणून जपला. ‘एस.टी.’ लिहिलं असेल तर दहा म्हणजे दहा. आपल्या एस.टी.चा वक्तशीरपणा मनात धरून जाऊ नये.

उलट दिशेनं, नल्लकुंट्यात येऊन पडलेल्या परदेशी विद्यार्थ्याची कोरंटी याहून सोपी नाही. तो केनियाहून किंवा सुदानहून आला असेल तर विमानतळावर आधी पिवळं कार्ड दाखवायचं: पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला. लस घेतल्यावर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि २०१६ पासून आयुष्यभर चालतो. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जातं, खरीखुरी कोरंटी. उलट इकडून आफ्रिकेला जाणाऱ्यांना ही लस नल्लकुंट्याशेजारी नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये टोचून मिळते. व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची. २०१८ पासून ते बरंचसं ऑनलाइन झालं आहे. एकाच सेमिस्टरचा पाहुणा बहुधा यातून सुटतो. घरमालक मात्र सुटत नाही. परदेशी माणूस घरात उतरला की २४ तासांच्या आत कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ही कटकट नको म्हणून कित्येक मालक टू-लेटच्या पाटीखालीच नकार देतात. कुणी म्हणतं बॅचलर नको, कुणी म्हणतं घरात मांस-मच्छी नको. शंकर मठाच्या आसपासच्या गल्ल्यांत हे दुसरं जास्त. काही नकारांचं कारण सांगितलं जात नाही. ते समोरच्याच्या कातडीच्या रंगाकडे बघून ठरलेलं असतं, आणि त्या मुलालाही ते कळतं. गच्चीबावलीला हैदराबाद विद्यापीठाचा ‘स्टडी इन इंडिया’ कार्यक्रम १९९८ पासून चालतो. त्या कार्यक्रमातून येणाऱ्या मुलांची राहण्याची सोय आवारातच होते. त्यांचं हैदराबाद आणि नल्लकुंट्यात भाड्यानं राहणाऱ्याचं हैदराबाद ही दोन वेगळी शहरं आहेत. माझं मत विचाराल तर दुसऱ्याला हाल जास्त, पण सत्राअखेर शहर त्यालाच जास्त कळलेलं असतं.

भाषेचंही तसंच. पुस्तकातून हिंदी शिकून आलेल्याला इथला रिक्षावाला ‘नक्को’ म्हणतो, ‘हौ’ म्हणतो, ‘मैंच बोला’ म्हणतो, आणि पाहुणा कोश उलगडत बसतो. मराठी माणूस मनात हसतो: ‘नको’ आपला, ‘मीच’मधला ‘च’ही आपला, दख्खनीनं शतकांपूर्वी उचललेला. ‘परसों’ हा शब्द तर इथे कालच्या आधीच्या कुठल्याही दिवसाला चालतो, आठवड्यापूर्वीच्या किंवा दहा वर्षांपूर्वीच्यासुद्धा. आपलं ‘परवा’ असंच सैल आहे. मराठवाड्यातून आलेल्यांना हैदराबादेत चटकन घरच्यासारखं वाटतं त्याला ही शेजारची भाषा बरीचशी कारण असावी.

शरीराचं पोचणं निराळ्या वेगानं होतं. विमानातून उतरल्यावर आतलं घड्याळ ढोबळमानानं दिवसाला एक तास सरकतं. माणसाचं हे घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यानं पश्चिमेकडे जाणं, म्हणजे दिवस लांबवणं, तुलनेनं सोपं. परतीचा, पूर्वेचा प्रवास जास्त बाधतो. जर्मनीचा फरक साडेतीन-साडेचार तासांचा, तो तीन-चार दिवसांत जिरतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा साडेनऊ-साडेदहाचा, त्याला दहा दिवस द्यावेत आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यावं. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवसांत घड्याळ रोज थोडंथोडं सरकत गेलं, त्यामुळे हा त्रास त्यांच्या वाट्याला आला नसणार. धक्क्यावर त्यांच्या यजमान कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या, उन्हाळाभर रोझेलला त्यांच्या घरी राहून मगच आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. ओळखीच्या घरात काढलेली ती एक प्रकारची सुखाची कोरंटी. खरा जाच पुढे सुरू झाला: पेन्सिल्व्हेनियाची थंडी, धुरकटणारी शेगडी, पोटभर न मिळणारं शाकाहारी अन्न.

मनाच्या पोचण्यावर संशोधकांनी बरंच भांडण केलं आहे. ‘कल्चर शॉक’ हा शब्द मानववंशशास्त्रज्ञ कॅलर्व्हो ओबेर्ग यांनी १९५० च्या दशकात लोकप्रिय केला: आधी सगळं गोड, मग चिडचिड, मग हळूहळू जुळवणं. १९५५ मध्ये नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइटवर अमेरिकेला जाऊन आलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास करून सांगितलं की सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले खुशीत होते. मधले, सहा ते अठरा महिन्यांचे, सर्वांत अस्वस्थ. इंग्रजी यू अक्षरासारखी ही रेघ पुढे प्रत्येक पुस्तकात आली. एक्स्चेंजवाल्यांना ती फार आवडते, कारण तिच्या हिशेबानं सेमिस्टरचा पाहुणा गोडीतच परततो. पण १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्या पोचल्या आणि नंतरही पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा उलटंच दिसलं. सर्वांत जास्त त्रास पहिल्या दिवसांतच होता. गोडीचा काळ असा नव्हताच. लिसगार्ड यांनी परत आलेल्यांना मागचं आठवायला सांगितलं होतं. आठवणीत पहिला महिना नेहमीच साजरा होतो. मला वॉर्ड यांचं म्हणणं पटतं, आणि पहिल्या आठवड्यातला मुलीचा फोन रडका आला म्हणून आईबापांनी तिकीट काढायला धावू नये असंही वाटतं.

परतताना पुन्हा तेच फेरे, उलट्या क्रमानं. जर्मनीत पत्त्याची नोंद रद्द करायची, बँकेचं खातं बंद करायचं, विम्याचा शेवटचा हप्ता, खोलीची अनामत. गुणपत्रक मात्र बरोबर येत नाही, ते सत्र संपल्यावर काही आठवड्यांनी निघतं. तोवर घरच्या गुणपत्रिकेत त्या सेमिस्टरच्या रकान्यात नुसती रेघ, आणि मुलगी दर सोमवारी परीक्षा विभागाच्या खिडकीवर. परत येऊन दोन महिने झाले तरी तिचं एक सेमिस्टर अजून बाहेरच थांबलेलं असतं. करी पॉइंटवाल्यानं मात्र पहिल्याच संध्याकाळी ओळखून पप्पूचारू, म्हणजे इथली आमटी, बांधून दिलेलं असतं.